सणगराच्या घराचा ताबा

होनगी गावाच्या पूर्वेस, जेथे वस्ती सरून ओढ्याचे कोरडे पात्र लागते, तेथे सिद्रामप्पाच्या मालकीचे दोन खणांचे एक माळवदी घर होते. त्या घरात गुंडा सणगर घोंगड्या विणीत असे. चाळीस वर्षांपूर्वी त्याची आई बाळाबाई विधवा होऊन कडेवरच्या पोरासह या गावी आली, तेव्हा सिद्रामप्पाच्या वडिलांनी हे घर तिला भाड्याने दिले. भाडे रोख ठरले नव्हते. दसऱ्याला एक आणि पाडव्याला एक अशा वर्षाकाठी दोन घोंगड्या मालकाच्या ओसरीवर नेऊन टाकायच्या, असा करार होता आणि तो कागदावर नसूनही अडतीस वर्षे पाळला गेला होता.

पुढे मेंढरांना देवी आली. आठ दिवसांत धनगरांचे वाडे रिते झाले. उरलीसुरली मेंढरे अंगावर खपल्या घेऊन उभी असत व त्यांच्या पाठीवर हात ठेवला तर लोकर मुळासकट हातात येई. अशा लोकरीचे सूत निघत नाही. गुंडाचा माग दोन वर्षे बहुतांशी बंदच राहिला आणि सिद्रामप्पाच्या ओसरीवर दोन वर्षांत एकही घोंगडी पडली नाही.

माघ महिन्यात सिद्रामप्पा स्वतः चालत आला. तो उंबऱ्याच्या आत आला नाही. बाहेरूनच त्याने माळवदाच्या तुळया न्याहाळल्या, भिंतीवर काठीने टकटक केले.

"गुंडा, ह्यो माग आता उचल बाबा. मला हितं पिठाच्या गिरनीचं इंजन बसवायचंय. पाया बघून गेलाय मिस्त्री."

"आप्पा, औंदा लोकर आली की दोनीबी सालाचं—"

"लोकर कुटनं येती? मेंढरं मेली की समदी. का तुज्या आयच्या डोस्क्याची काढतोस?" असे म्हणून तो हसला. आत भिंतीशी टकळी फिरवीत बसलेल्या बाळाबाईने ते ऐकले व पांढऱ्या केसांवरून पदर पुढे ओढून घेतला. गुंडाने मान खाली घातली. कस्तुराबाईने, म्हणजे गुंडाच्या बायकोने, मात्र मान खाली घातली नाही. पाया बघून जाणारा मिस्त्री आपण घरात असताना कधी येऊन गेला, याचा ती विचार करीत होती.

चार दिवसांनी नवराबायको सोलापुरास गेली. कचेरीसमोरच्या लिंबाखाली मौलासाब नावाचे अर्जनवीस बसत. गुंडाच्या घोंगड्या ते पूर्वीपासून घेत असत, म्हणून ओळख होती.

"मौलासाब," गुंडा म्हणाला, "भाडं तटलंय, ह्यात खोटं न्हाय. मग आमाला ऱ्हायाचा हक कुटला?"

मौलासाबांनी टाक कानावर ठेवला. "बाकी येगळी, घर येगळं, गुंडा. भाडं थकलं तर मालकानं नोटीस द्यायची, मग दावा लावायचा, मग मुनसफसाब हुकूम देतील, मग बेलीफ येईल. तवर तुला हाताला धरून भाइर काढाया त्येच्या बापालाबी येत न्हाय. जबरीनं काढलंच, तर सा म्हैन्याच्या आत तू दावा लाव. भाडं थकलं का न थकलं, त्ये त्या दाव्यात कोन इचारतबी न्हाय. घर परत तुज्या हातात."

"आन आमीच घर सोडलं तर?" कस्तुराबाईने विचारले.

मौलासाबांनी प्रथमच तिच्याकडे पाहिले. "खुशीनं गेलात तर गेलात, भाभी. मग दावा कशाचा? कोन तर घरात पायजे, चूल पेटती पायजे. एक मानूस बसून असलं तरी ताबा तुमचा."

परतीच्या वाटेवर गुंडा पुढे पुढे चालला. कस्तुराबाई मात्र मौलासाबांचे अखेरचे वाक्य, लहान मूल श्लोक घोकते त्याप्रमाणे, मनाशी घोकीत आली.

फाल्गुनात दुधनीच्या बाजारातून गुंडाने उधारीवर थोडी लोकर मिळविली. बाळाबाईने ती रात्रंदिवस कातली. तिची बोटे वाळक्या शेंगांसारखी झाली होती, पण सूत अजून केसासारखे निघे. दोन घोंगड्यांचा ताणा, म्हणजे उभे धागे, होईल एवढे सूत झाले आणि एका सकाळी गुंडा व कस्तुराबाई यांनी घरासमोर खुंट्या ठोकून ताणा पसरला.

ज्यांनी हे काम केलेले नाही, त्यांना खळीची घाई कळावयाची नाही. चिंचोके भाजून, दळून, शिजवून केलेली खळ ताण्याला लावली, की दोघांनी दोन्ही बाजूंनी कुंचे फिरवीत राहिले पाहिजे. ऊन तापलेले असते. कुंचा थांबला की धागे एकमेकांना धरतात, आणि एकदा धरले म्हणजे सगळा ताणा फळीसारखा कडक होतो. मग तो उकिरड्यावर टाकावा लागतो. त्या वेळी पाणी प्यायला कोणी थांबत नाही.

ऊन कलल्यावर खळीचे पहिले मडके सरले. कस्तुराबाई दुसरे आणावयास आत गेली.

बाळाबाई भिंतीला टेकून, पाय पसरून, नेहमीच्या जागी बसली होती. टकळी तिच्या मांडीवरून घरंगळून खाली पडली होती व धागा तुटला होता. डोळे अर्धे उघडे होते. ओठावरून एक माशी चालत होती आणि ती चालत चालत तोंडाच्या आत गेली.

"आत्याबाई?"

कस्तुराबाईने तिच्या हाताला हात लावला. बाहेर दगड पोळत होते, माळवद तव्यासारखे तापले होते, आणि त्या घरात तो हात रांजणाच्या बुडासारखा थंड होता.

"खळ आन की गं!" बाहेरून गुंडा ओरडला. "वाळाय लागलं!"

कस्तुराबाई किती वेळ उभी राहिली हे तिला पुढे कधीच सांगता आले नाही. तिच्या कंठाशी हंबरडा आला होता. तो बाहेर पडला असता तर गुंडाच्या हातातला कुंचा पडला असता. मग दहा दिवसांचे सुतक. मग ताणा उकिरड्यावर, आणि पाडव्याला सिद्रामप्पाच्या ओसरीवर पुन्हा काहीच नाही. ज्या सुतासाठी म्हातारीने जीव आटविला, ते सूत मातीत. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला, सासूचे डोळे मिटविले, मडके उचलले आणि ती उन्हात गेली.

"एवढा येळ?"

"मडकं जड हाय," ती म्हणाली.

कुंचे फिरू लागले. वरून खाली, वरून खाली. खळीचा आंबूस वास उन्हात दाटला. तिचे हात चालत होते व ती मोजून श्वास घेत होती. सूर्य ओढ्यापलीकडच्या बाभळींना टेकायच्या सुमारास गुंडाने हात न थांबविता घराकडे तोंड करून हाक मारली, "आये, गाडग्यात ताक हाय बघ. पी की जरा."

कस्तुराबाईने कुंचा घट्ट धरला.

गुंडाने कान दिला, जणू काही ऐकत असावा, आणि तो हसला. "बघ, काय म्हनती. तुमचं काम सारा, मग पिते म्हनती. लई हट्टी हाय."

कस्तुराबाईच्या कानांवर काहीच आले नव्हते. तिचा हात जागच्या जागी राहिला.

"आगं, थांबू नगं!" गुंडा खेकसला. "धागं धरत्यात!"

तिने हात चालविला. दिवेलागणीला ताणा वाळला. तो गुंडाळून आत नेल्यावर तिने दिवा लावला, म्हातारीच्या तोंडाशी नेला, आणि प्रहरभर छातीत धरून ठेवलेला हंबरडा फोडला.

शेजारीपाजारी जमले. जोशीबुवा आले ते पंचांग घेऊनच. कंदिलाशी पान धरून त्यांनी विचारले, "प्राण केव्हा गेला?"

"दिवं लागतानाच," गुंडा रडत म्हणाला. "जरा आदी माज्याशी बोलली की वो."

जोशीबुवांनी पंचांग मिटले. "सूर्य दोन घटका वर असताना धनिष्ठेचा उत्तरार्ध लागला. पंचकात गेली म्हातारी. घर सहा महिने सोडले पाहिजे. तिसऱ्या दिवशी सूर्यास्ताच्या आत बाहेर पडा, दाराला काटे लावा. या घरात चूल पेटता कामा नये. नाहीतर ती एकटी राहायची नाही. आणखी पाच जणांना बोलावून घेईल."

सहा महिने हे शब्द ऐकून कस्तुराबाईने दाराची चौकट धरली.

त्या रात्री जोशीबुवांच्या सांगण्यावरून तिने जोंधळ्याच्या पिठाच्या पाच बाहुल्या केल्या. पंचकाच्या मड्याबरोबर पाच माणसांच्या ऐवजी त्या पुरावयाच्या असतात. ओल्या पिठाला तिने नाक दिले, हात दिले. गुंडा बाजूस बसून पाहत होता.

"घरात आपन दोगंच," तो हळूच म्हणाला. "आपली पोर तानी दुसऱ्याच्या घरची झाली. पाच कोन गं?"

तिने पाचव्या बाहुलीला नाक काढले. सकाळी पाहते तो पाचवी बाहुली उंबऱ्याकडे तोंड करून पडली होती. उंदराने हलविली असेल, असे ती म्हणाली. गुंडाने ती उचलून इतर चौघींशेजारी ठेवली.

माती देऊन मंडळी परतली, तेव्हा बाभळीच्या काटेरी फांद्यांनी, म्हणजे फासांनी, भरलेली गाडी दारासमोर उभी होती. सिद्रामप्पाने पाठविली होती. त्यामागून तोही आला आणि प्रथमच त्याचा आवाज मऊ होता.

"माज्या मळ्यातला गोठा रिकामा हाय, तितं ऱ्हावा सा म्हैने. भाड्याचं नाव काढू नगा. म्हातारीनं मला खेळवलंय अंगाखांद्यावर. मुदत सरली की या माघारी. घर काय पळून जातंय?"

"लई उपकार झालं, आप्पा," गुंडा म्हणाला आणि त्याने खरोखरच हात जोडले.

दुसऱ्या दिवशी गुंडा भांडी बांधू लागला. कस्तुराबाईने त्याच्या हातातून गाठोडे काढून घेतले व सांगितले ते असे, की बाळाबाई दिवेलागणीला गेली नाही, ऊन कलताना गेली. आपण पाहिले, हात लावून पाहिले, आणि खळीचे मडके घेऊन बाहेर आलो.

गुंडा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला.

"मी हाक मारली तवा ती बोलली," तो म्हणाला.

"न्हाय बोलली."

"तुमचं काम सारा, मग पिते म्हनली. माज्या आयचा आवाज मला कळत न्हाय?"

"अवं, ती गार पडली हुती तवा. डोळं मीच झाकलं."

"मग बोललं कोन?"

ओढ्यातून धुळीची एक वावटळ उठून दारापर्यंत आली, उंबऱ्याशी क्षणभर उभी राहिली आणि आत न येता बसली. तीत आलेला पालापाचोळा उंबऱ्याबाहेर नीट ढीग होऊन पडला.

"मौलासाब काय म्हनलं आटवा," ती म्हणाली. "खुशीनं गेलं तर गेलं. सा म्हैन्यांत हितं इंजन बसंल. आपन काटं लावून जायाचं, आन आप्पानं कुलूप लावायचं. मग कुटं मांडायचा माग?"

गुंडाने गाठोडे पुन्हा आपल्याकडे ओढून घेतले.

तिसऱ्या दिवशी दुपारी पंच, जोशीबुवा व सिद्रामप्पा दारासमोर आले. मागे बायका उभ्या होत्या. गडी फास उतरवू लागले, तेव्हा कस्तुराबाई उंबऱ्यात आडवी बसली आणि तिने सारे पुन्हा सांगितले. मडके, माशी, थंड हात, तोंडात कोंबलेला पदर. सांगताना तिने कोणाकडेही पाहिले नाही.

बायकांत कोणीतरी थुंकले. "आगं बया, मडं बसवून सुताला खळ पाजली!"

"माज्या सासूला असंच केलं आसतं तर म्या हातच तोडून घेतलं आसतं," दुसरी म्हणाली.

जोशीबुवांनी बोटांवर मोजले. "ऊन कलताना प्राण गेला असेल, तर धनिष्ठेचा पूर्वार्ध. पंचक नाही. घर सोडण्याचे कारण नाही."

"बाई घरासाठी खोटं बोलती!" सिद्रामप्पाचा मऊपणा एका क्षणात गेला. त्याने काठी गुंडाकडे रोखली. "तू सांग. दिवं लागायच्या येळंला आई तुज्याशी बोलली, आसं तूच म्हनला हुतास ना? चार मान्सांनी ऐकलंय. का ती बोललीच न्हाय? बोल! आयची शप्पत घालतो तुला."

सर्वजण गुंडाकडे पाहू लागले. त्याच्या कपाळावरून घाम भुवईत उतरला. कस्तुराबाईला वाटले, आता हा खरे ते बोलणार, आणि त्याचे खरे आपल्याला घराबाहेर काढणार.

"मला भास झाला आसंल," गुंडा म्हणाला.

आईने आपल्याशी केलेले अखेरचे बोलणे त्याने चार माणसांत खोटे ठरविले होते. गाडी भरलेली होती तशीच परत गेली.

घर निर्दोष ठरले. कस्तुराबाई ठरली नाही. विहिरीवर ती गेली की बायका आपल्या घागरी उचलून बाजूस होत व ती पाणी भरून जाईपर्यंत तेथे उभ्या राहत. कोणी तिच्याकडून विस्तव मागेना. गुंडानेही त्या दिवसापासून तिच्याशी बोलणे टाकले. सकाळी तो येई, मागावर बसे, तिने वाढलेली भाकरी भिंतीकडे तोंड करून खाई आणि सूर्य मावळण्यापूर्वी बिरदेवाच्या देवळात निजावयास निघून जाई. तो जाताना ती म्हणे, "एकलीच हाय मी हितं." तो कांबळे खांद्यावर टाकून चालू लागे.

ती राहिली. घरात माणूस पाहिजे आणि चूल पेटती पाहिजे, एवढेच तिला ठाऊक होते. पाण्याला जाताना चुलीत शेणी घालून जाई व धावत परत येई.

एक गोष्ट मात्र तिच्या ध्यानात आली. म्हातारी गेली तेव्हा आडव्या धाग्याचे सूत फार तर अर्ध्या घोंगडीपुरते शिल्लक होते. ती स्वतः जाडेभरडे कातीत असे, तेही बेताचेच. तरी मागाचा धोटा कधी रिता राहिला नाही. पाण्याहून परत यावे तो म्हातारीच्या टोपलीत सुताचा गोळा असे, आणि ते सूत केसासारखे बारीक असे. गुंडा तो उचली, बोटांत धरून पाही, आणि धोट्यात भरी. कोठून आला हे त्याने विचारले नाही. तिनेही सांगितले नाही. कातायच्या लोकरीच्या पेळूंची ती टोपली मात्र तिने म्हातारीच्या जागेवरून कधी हलविली नाही.

पाडवा उलटून पंधरा दिवस झाले, तेव्हा दोन्ही घोंगड्या उतरल्या. गुंडाने त्या सिद्रामप्पाच्या ओसरीवर नेऊन टाकल्या. सिद्रामप्पाने त्या घेतल्या, एका सालापुरत्या मानल्या, आणि दुसऱ्या सालाच्या बाकीपायी रीतसर नोटीस देऊन सोलापुरास दावा लावला. आता त्याच्यापुढे तोच एक मार्ग उरला होता.

वैशाखाच्या भर दुपारी बेलीफ आला. घामाने भिजलेला, खाकी कोट घातलेला, सोलापूरचा परका माणूस. गावात त्याने कोणाला काही विचारले नव्हते; घराची खूण तेवढी त्याच्या कागदावर होती. कस्तुराबाई बाहेर ओट्यावर सावलीच्या पट्टीत चिंचोके फोडीत बसली होती. आत गुंडाचा माग चालू होता.

"गुंडा सिदू सणगर यांचं हेच घर?" त्याने दारातून आत डोकावून पाहिले, उन्हाने दिपलेले डोळे चोळले आणि पुन्हा पाहिले. "समन्स आहे. घाबरू नका बाई, आजच कोणी बाहेर काढत नाही. आषाढातली तारीख आहे. तोवर ताबा तुमचाच." तो ओट्यावर टेकला, त्याने दौत काढली. "सध्या घरात कोण कोण राहतं, एवढं मला खाली लिहून न्यायचंय. किती माणसं?"

"दोगं," कस्तुराबाई म्हणाली. "मी आनि आमचं मालक."

बेलीफाने लिहिता लिहिता मान वर केली. "आणि त्या?"

"कोन?"

"आत भिंतीशी बसल्यात त्या. म्हाताऱ्या बाई." त्याचा आवाज थोडा चिडका झाला. "बाई, कोर्टाच्या कागदावर माणूस लपवू नये. तुमचंच नुकसान आहे. जितकी माणसं, तितका ताबा पक्का."

आतला माग थांबला.

कस्तुराबाईच्या हातातला चिंचोका निसटून ओट्यावरून खाली गेला. तिच्याच्याने मागे वळून पाहवेना. खरे लपविले म्हणून गावाने तिला वाळीत टाकल्यासारखे केले होते, आणि खरे सांगितले म्हणून नवरा मुका झाला होता. आता येथे खरे कोणते आणि खोटे कोणते, हे तिला कोणी सांगते तर बरे झाले असते. दौतीत बुडविलेला टाक बेलीफाने कागदावर तसाच धरून ठेवला होता.

"तानीचे आय."

खड्ड्यातून गुंडाचा आवाज आला. दोन महिन्यांत त्याने तिला मारलेली ती पहिली हाक होती.

"जी?"

"तीन लिवा म्हनावं."

बेलीफाने तीन लिहिले, कागद तिच्यापुढे धरला व अंगठा घेतला. तो आत गेला, तेव्हा गुंडाने खड्ड्यातून हात वर करून अंगठा दिला. मग बेलीफ भिंतीच्या दिशेने एक पाऊल सरकला, पण गुंडा शांतपणे म्हणाला, "तिला उठवू नगा, सायेब. दमलीया." तेव्हा त्याने आवाज खाली केला, चपला हातात घेतल्या आणि निजलेल्या माणसाजवळून जावे तसा अलगद उंबऱ्याबाहेर पडला.

तो ओढ्याच्या वळणाआड दिसेनासा होईपर्यंत कस्तुराबाई उन्हात उभी होती. पायांखालची माती पोळत होती. चुलीतल्या शेण्या विझत आल्या असतील, हे तिला आठवले. आत माग पुन्हा चालू झाला.

तिने दोन्ही हातांनी डोक्यावरून पदर घेतला आणि ती आत गेली.